मुलांना काय समजलं, हे शिक्षकाला कळू द्या

शाळेत तंत्रज्ञान आणायचं म्हटलं की बोलणं पडद्यापासून सुरू होतं आणि बरेचदा पडद्यापाशीच संपतं. फळ्याच्या जागी स्मार्ट बोर्ड, धड्याच्या जागी ॲनिमेशन, वहीच्या जागी टॅबलेट. या सगळ्यामागे एकच समजूत असते: मुलांना विषय येत नाही, कारण तो त्यांना नीट दाखवला जात नाही. दाखवणं सुधारलं की शिकणं आपोआप सुधारेल. ही समजूत मला मुळातच चुकीची वाटते. वर्गातली खरी अडचण वेगळी आहे. समोर बसलेल्या चाळीस डोक्यांत या घडीला काय चाललंय, हे फळ्यापाशी उभ्या असलेल्या एकट्या शिक्षकाला दिसत नाही. तंत्रज्ञानावर खर्च होणारा पैसा आणि त्याहून मोलाचा असलेला तासिकेचा वेळ या अडचणीकडे वळला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

नुसत्या दाखवण्याने किती साधतं, याची एक चांगली तपासणी हार्वर्ड विद्यापीठात झाली आहे. भौतिकशास्त्राच्या तासाला प्राध्यापक जी प्रात्यक्षिकं करून दाखवतात, त्यांचा विद्यार्थ्यांना कितपत उपयोग होतो, हे कॅथरीन क्राउच, एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. २००४ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की, ज्यांनी प्रात्यक्षिक नुसतं पाहिलं त्यांची समज, ते न पाहिलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा फारशी पुढे गेलेली नव्हती. ज्यांना आधी ‘काय होईल, सांगा’ असं विचारून अंदाज नोंदवायला लावला, त्यांना मात्र स्पष्ट फायदा झाला. अंदाज नोंदवायला जादा वेळ लागला तो जेमतेम दोन मिनिटांचा. डोळ्यांसमोर घडणारा खराखुरा प्रयोग नुसता पाहून डोक्यात शिरत नसेल, तर पडद्यावरच्या रंगीत चित्राकडून आपण कोणत्या आधारावर जास्त अपेक्षा करतो?

तरी अपेक्षा होतेच, आणि ती जुनी आहे. १९२२ साली थॉमस एडिसनने सांगून टाकलं होतं की चलच्चित्रं शिक्षणपद्धतीत क्रांती घडवतील आणि थोड्याच वर्षांत पाठ्यपुस्तकांची जागा बव्हंशी घेतील. पुढे रेडिओबद्दल तसंच बोललं गेलं, टीव्हीबद्दल बोललं गेलं, संगणकाबद्दल बोललं गेलं. अलीकडचा सगळ्यात मोठा दाखला पेरू देशाचा. ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या कार्यक्रमाखाली तिथे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. त्यातल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये जो अहवाल आला, त्यात गणित आणि भाषा या दोन्ही विषयांच्या चाचण्यांत काहीच फरक आढळला नाही. लॅपटॉप मुलांच्या हाती पोचले होते, मुलं ते वापरतही होती. पण शिक्षकाने तासाला काय विचारायचं, मुलांनी काय करायचं आणि चूक कोणाला कशी कळायची, यातलं काही बदललं नव्हतं. मग निकाल का बदलावा?

आता एका साध्या उदाहरणापाशी थांबू या. दशांश अपूर्णांक. शिक्षक विचारतात, ०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? काही मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. ही चूक सगळ्या शिक्षकांच्या ओळखीची आहे. पण याच्या उलट समज असलेली मुलंही वर्गात असतात, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. त्यांनी शिकलेलं असतं की शतांश हा दशांशापेक्षा लहान. त्यावरून त्यांनी स्वतःचाच एक नियम बसवलेला असतो: दशांशचिन्हापुढे जितके अंक जास्त, तितकी संख्या लहान. ही मुलं वरच्या प्रश्नाला ०.५ असं अचूक उत्तर देतात. गुण मिळतो, बरोबरची खूण होते, आणि चुकीचा नियम तसाच पुढच्या इयत्तेत जातो. त्यांना ०.७५ आणि ०.५ यांत मोठी कोणती असं विचारलं, तरच ती पकडली जातात, कारण तिथेही ती ०.५ म्हणतील. आणि गंमत अशी की या दुसऱ्या प्रश्नाला आधीची, ३५ ला ५ पेक्षा मोठं समजणारी मुलं बरोबर उत्तर देतील. म्हणजे दोन प्रश्न, दोन चुकीच्या समजुती, आणि दोन्ही गटांना दोनपैकी एक गुण. गुणपत्रकात ती सारखी दिसतात. शिकवायला घेतलं तर दोघांना लागणारं औषध मात्र अगदी उलटं. मेलबर्नच्या संशोधक के स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी अशा जोड्या नीट रचून मुलांच्या समजुतींचे प्रकार वेगळे काढण्यात वर्षानुवर्षं घालवली.

हे मी सविस्तर सांगतो आहे, कारण तंत्रज्ञानाने काय करावं याचं उत्तर इथेच आहे. मुलाने काय निवडलं याच्यापलीकडे जाऊन ते का निवडलं, हे शिक्षकाला त्याच तासात दिसलं पाहिजे. आपण एरवी काय करतो? ‘समजलं का?’ असं विचारतो आणि वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. प्रश्न टाकतो आणि नेहमीचेच चार हात वर होतात. त्या चार हातांवरून आपण चाळीस जणांचा अंदाज बांधतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आकारिक मूल्यमापनाच्या रकाने भरलेल्या नोंदी कितीही असोत, तासाच्या मध्यावर निर्णय घेताना शिक्षकाच्या हातात फक्त ते चार हात असतात.

याला उपाय आहे आणि तो महागडा नाही. प्रश्न असा रचायचा की त्याचा प्रत्येक चुकीचा पर्याय एका विशिष्ट गैरसमजाकडे बोट दाखवेल. मग सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर द्यायचं. मझूर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात हीच पद्धत रुजवली. विद्यार्थी आधी एकट्याने विचार करून मत देतात. बरीच उत्तरं चुकीची आली, पण बरोबर उत्तर देणारेही पुरेसे असले, तर शेजाऱ्याशी चर्चा करतात, त्याला पटवायचा प्रयत्न करतात, आणि पुन्हा मत देतात. फारच थोड्यांचं बरोबर आलं, तर शिक्षक तो भाग नव्याने घेतात. बहुतेकांचं बरोबर आलं, तर थोडक्यात सांगून पुढे जातात. हातात धरायची बटणांची छोटी यंत्रं या पद्धतीमुळे बरीच गाजली. पण २००८ साली नॅथॅनियल लॅस्री यांनी तपासून पाहिलं, तेव्हा यंत्राचं बटण दाबणाऱ्या आणि साधं पुठ्ठ्याचं कार्ड वर धरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिकण्यात फरक दिसला नाही. फायदा प्रश्नाचा आणि चर्चेचा होता.

मग यंत्र हवंच कशाला, असं कोणी विचारेल. पाटीवर उत्तर लिहून सगळ्यांनी एकदम वर धरली तरी काम भागतं. खरं आहे, आणि जिथे काहीच नाही तिथे पाटीनेच सुरुवात करावी, आजच करावी. पण पाटी पुसली की नोंद संपते. एका शिक्षकाकडे तीन-चार तुकड्या असतात. मागच्या मंगळवारी दशांशांत कोण कोण अडकलं होतं आणि त्यातले किती जण अजून तिथेच आहेत, हे कोणाच्याही लक्षात राहू शकत नाही. इथे यंत्र माणसापेक्षा सरस आहे. मुलांकडे काही नसलं आणि शिक्षकाकडे एक फोन असला तरी चालतं. प्रत्येक मुलाला वेगळ्या नक्षीचं छापील कार्ड द्यायचं, ते ज्या बाजूने वर धरलं तो त्याचा पर्याय, आणि फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवला की सगळ्यांची उत्तरं नावानिशी नोंदली जातात. चाळीस टॅबलेट, त्यांचं चार्जिंग, विसरलेले पासवर्ड, तुटणारं नेटवर्क, यातलं काही लागत नाही. मला अशी साधनं मनापासून आवडतात, कारण ती मुलाची नजर पडद्यावर खिळवत नाहीत.

पडदा मुलासमोर ठेवायचाच असेल, तर त्याचं सगळ्यात पटण्याजोगं कारण एकच वाटतं: वर्गातली मुलं एका इयत्तेत बसलेली असली तरी एका पातळीवर नसतात. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकावर शिकवणाऱ्या प्रणालीचा जो अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी केला, त्यात सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलं होतं. अशा नववीच्या वर्गात नववीचं पुस्तक प्रामाणिकपणे शिकवणारा शिक्षक नेमका कोणाला शिकवत असतो? ही प्रणाली प्रत्येक मुलाची पातळी ओळखून तिथून प्रश्न द्यायची. शाळेनंतरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत या मुलांनी, ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यापेक्षा, गणितात आणि हिंदीत बरीच जास्त प्रगती केली. कोणाला प्रवेश मिळणार हे सोडतीने ठरलं होतं, त्यामुळे या निष्कर्षाला वजन आहे. पेरूचे लॅपटॉप आणि ही प्रणाली, दोन्ही तंत्रज्ञानच. पण या प्रणालीने मुलाची चूक पाहून पुढचा प्रश्न ठरवला, लॅपटॉपने मुलाकडे पाहिलंच नाही. आणखी एक गोष्ट विसरायला नको: त्या केंद्रांत मुलांचा निम्मा वेळ माणसाच्या हाताखाली, छोट्या गटात जायचा.

चाचण्यांविषयीची आपली भीतीही थोडी बाजूला ठेवायला हवी. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की एखादा उतारा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा, वाचल्यावर पुस्तक मिटून तो आठवून लिहिला, तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. पाच मिनिटांनी विचारलं तर उलट वाचणाऱ्यांचीच सरशी होते, आणि म्हणून तर मुलांना पुन्हा वाचणं म्हणजे अभ्यास वाटतो. शिकलेलं विसरायच्या बेताला आलं की पुन्हा विचारणं, हे काम यंत्र न कंटाळता करू शकतं. अट एकच. या चाचण्यांना गुण नकोत.

गुणांवर मी अडून बसतो त्याला कारण आहे. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त लेखी शेरा मिळाला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांचा रस टिकला. दोन्ही मिळालेल्यांची अवस्था जवळपास फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. गुण दिसला की मूल शेरा वाचतच नाही. आता आजची बहुतेक शैक्षणिक ॲप उघडून पाहा. उत्तर दिल्याबरोबर तारे, नाणी, वर्गातला क्रमांक, टाळ्यांचा आवाज. ज्या गोष्टीने शेरा पुसून टाकला, तीच इथे आकर्षण म्हणून विकली जाते. अभिप्राय झटपट मिळतो हे खरं, पण अव्राहम क्लुगर आणि ॲन्जेलो डीनिसी यांनी १९९६ साली शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिलं, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायाने कामगिरी घसरलेली आढळली. अभिप्राय कामाकडून वळून माणसाच्या स्वतःच्या प्रतिमेकडे गेला की तो नुकसान करतो. सहावीतल्या मुलाला रोज सकाळी पडद्यावर आपला अडतिसावा क्रमांक दाखवणं हे क्रौर्य आहे, आणि ते संगणकाने केलं म्हणून त्याचं क्रौर्य कमी होत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा सगळा प्रश्न आणखी धारदार केला आहे. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेच्या गणिताच्या वर्गांत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचायला हवा. एका गटाला सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला. त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. नंतर मदत काढून घेऊन परीक्षा झाली, तेव्हा ज्यांना चॅटबॉट कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा या गटाला १७ टक्के कमी गुण पडले. मुलं उत्तर विचारत होती आणि चॅटबॉट देत होता. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला मात्र उत्तर न सांगता इशारे द्यायला शिकवलं होतं, आणि त्या त्या गणितात मुलं कुठे चुकतात हे शिक्षकांनी त्याला आधी पुरवलं होतं. या गटाचा सराव १२७ टक्क्यांनी सुधारला आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ नाहीसं झालं. दोन्हींच्या मुळाशी तीच यंत्रणा होती. फरक पडला तो उत्तराऐवजी दिलेल्या इशाऱ्यांमुळे आणि शिक्षकाला ठाऊक असलेल्या चुकांमुळे. पण एवढं करूनही दुसरा गट परीक्षेत इतरांच्या पुढे गेला नाही, हेही तितकंच लक्षात ठेवावं. सराव सुंदर दिसला म्हणजे शिकणं झालं, असं होत नाही.

निबंध आणि दीर्घ उत्तरं यंत्राकडून तपासून घ्यावीत का? हा विचार नवा नाही. एलिस पेज यांनी १९६६ मध्येच तो मांडला होता, आणि त्यांची प्रणाली निबंधाची लांबी, विरामचिन्हं अशा वरवरच्या खुणांवरून गुणांचा अंदाज बांधायची. आजची यंत्रं त्याहून पुष्कळ हुशार आहेत. शंभर उत्तरं वाचून ‘यातल्या तीस मुलांनी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे’ असं त्यांनी शिक्षकाला सांगावं, याला माझी आनंदाने संमती आहे. त्यातून उद्याचा तास ठरतो. पण मुलाच्या उत्तराला किती गुण, हा शेवटचा शब्द त्यांचा असू नये. इंग्लंडमध्ये २०२० साली महामारीमुळे परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा ऑफक्वाल या नियामक संस्थेने शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी एका गणिती सूत्रातून काढल्या. सूत्रात शाळेचे मागचे निकाल होते. जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या. आजवर निकाल कमी लागलेल्या शाळेतल्या हुशार मुलीने स्वतः काय केलं, याला त्या सूत्रात पुरेशी जागाच नव्हती. १३ ऑगस्टला निकाल लागला, मुलं रस्त्यावर उतरली, १७ ऑगस्टला निर्णय मागे घ्यावा लागला. श्रेणी कमी झालेल्या मुलाने ‘का?’ विचारलं, तर उत्तर द्यायला समोर माणूस हवा, आणि त्या माणसाने ते उत्तर वाचलेलं हवं.

नोंदी कोणाकडे जातात, हाही प्रश्न याच ओळीत येतो. ह्युमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०२२ मध्ये ४९ देशांत महामारीच्या काळात सरकारांनी सुचवलेली १६० हून अधिक शैक्षणिक साधनं तपासली. त्यांतली ८९ टक्के मुलांच्या हक्कांना धोका पोचेल अशा रीतीने माहिती हाताळताना दिसली. मुलाची चूक ही त्याच्या आणि शिक्षकाच्या मधली गोष्ट आहे. शिकण्यासाठी ती उघड करायची, तर ती तिसऱ्या कोणाच्या व्यवसायाचा माल होणार नाही याची हमी आधी मिळायला हवी. ज्या साधनाचा विक्रेता ही हमी लेखी देत नाही, ते साधन शाळेच्या दारातूनच परत पाठवावं.

शाळेत तंत्रज्ञान नकोच, असंही काही जण म्हणतात. मुलांच्या हातातून फोन काढून घेण्यापुरतं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण डोळ्यांनी दिसत नसलेल्या मुलीला पुस्तक वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऐकू न येणाऱ्या मुलाला शिक्षकाचं बोलणं अक्षरांत दाखवणारा पडदा, या गोष्टी तिच्या आणि त्याच्या शिक्षणाचा पाया आहेत. कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पातले आभासी प्रयोगही मी हातचे सोडणार नाही. विजेच्या परिपथात दिव्यातून गेल्यावर प्रवाह ‘खर्च’ होतो, असं पुष्कळ मुलांना ठाम वाटतं. तारेतून फिरणारे कण पडद्यावर दिसतात, दिव्याच्या आधी आणि नंतर तितकेच. फक्त हे दाखवण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिलेला असावा आणि शिक्षकाने तो पाहिलेला असावा.

हे ‘पाहिलेला असावा’ म्हणताना मला शिक्षकाच्या दिवसाची जाणीव आहे. आज तंत्रज्ञानाच्या नावाखाली त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं ते माहिती भरणं. हजेरी एका ॲपवर, गुण दुसऱ्यावर, उपक्रमांचे फोटो तिसऱ्यावर. ही सगळी माहिती वर जाते. त्यातून मुलांबद्दल उपयोगाचं असं काही खाली, वर्गात परत येत नाही. म्हणून कोणतंही नवं साधन घेताना मुख्याध्यापकांनी विक्रेत्याला विचारावं, की यातून माझ्या शिक्षकाला उद्याच्या तासाआधी काय कळेल, आणि ते कळायला त्याची किती मिनिटं जातील. आणि संस्थाचालकांनी, सरकारने खरेदीच्या त्याच आदेशात शिक्षकाच्या वेळापत्रकातला एक मोकळा तास मंजूर करावा. त्या तासात एका विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसून मुलांची चुकलेली उत्तरं वाचावीत, ०.३५ आणि ०.५ सारखे प्रश्न स्वतः रचावेत, आणि पुढच्या आठवड्यात कोणत्या मुलांना कुठून पुन्हा शिकवायचं हे ठरवावं. जिथे हा तास द्यायची तयारी नाही, तिथे साधनांची खरेदीही थांबवावी.